हळदीची बोट

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. नातवंडं दर उन्हाळ्यात घाटाखाली चला म्हणून मागे लागतात आणि मी गुडघ्यांवर ढकलतो. गुडघे दुखतात हे खोटं नाही. पण खरं कारण असं, की एका बोटीनं मला जन्माचं दमवून ठेवलंय. त्या बोटीवर मी कधी चढलो नाही, ती मला लांबूनही दिसली नाही, तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. तरी लढाईच्या वर्षांत तिच्यापायी मी उंब्रज, लोणंद, सातारा, सांगली इतकं हिंडलो, की बोट हा शब्द ऐकला तरी अंगातलं बळ जातं.

आमची वस्ती उंब्रजच्या पलीकडं, नदीकाठाला. थोडा ऊस, थोडा जोंधळा. घरात आबा, आई, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. घरटी एक गडी पलटणीत द्यायचा ही आमच्याकडची रीतच होती. थोरला गेला. मी सातवी पास, म्हणून मला कागद वाचायला घरी ठेवलं. कागद वाचणाऱ्याला घरात मान असतो असं लोकांना वाटतं. मान कसला, हेलपाटे असतात.

थोरल्याची नेमणूक मालाच्या बोटीवर झाली, तेव्हा गावात कुणाला पटेना. पलटणीतला गडी बोटीवर काय करतो? तर लढाईत मालाच्या बोटींवरही मागच्या अंगाला एक तोफ बसवत, आणि ती चालवायला पलटणीतली माणसं देत. विहिरीत मुटका मारण्यापलीकडं थोरल्याचा पाण्याशी संबंध नव्हता. पण सरकारनं तिथं ठेवला, तो राहिला. आबा पारावर सांगायचे, "आमचा पाण्यावर तोफ चालिवतो." पाणी किती खोल असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्याची शेवटची सुट्टी मला नीट आठवते. बोट मुंबईच्या गोदीत माल भरत होती, तेवढ्या सवडीत तो आला. गळा, मनगटं, सदऱ्याची कॉलर, सगळं पिवळं. आई दारातच म्हणाली, "दुसऱ्यांदा हळद लावून आलास व्हय रं?"

"सांगलीची हाय," तो म्हणाला. "दळलेली. पलटणीच्या कालवणाला लांब मुलखात चाललीया. सगळी बोट हळदीनं भरली. पोती फाटकी, अंगावर गळत्यात. निजलं तरी वाटतंय, लग्नघरात निजलोय."

जेवताना त्यानं बोटीची सगळी कुळकथा सांगितली. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या खलाशांकडून त्याला ती कळलेली. बोट म्हातारी होती. ती आधी विलायतेत कोळसा वाहायची. मग ऑस्ट्रेलियातून पलटणीसाठी घोडे आणायची; पावसाळी हवा पडली की खालच्या मजल्यावर अजून लिदीचा वास येतो म्हणे. मग रंगूनचा तांदूळ. रंगून जपान्यांच्या हाती पडल्यावर तिला सरकारनं धरली आणि आता ती हळद घेऊन निघाली होती. "पोटात हळद, तिच्यावर धुण्याच्या सोड्याची पोती, आन् सगळ्याच्या वर आमी," तो म्हणाला.

आबांनी विचारलं, "नाव काय रं तिचं?"

"नावावर राखी रंग फासलाय, आबा. लढाईत बोटीला नाव नसतंय."

परत निघाला तेव्हा त्याच्या धुतलेल्या सदऱ्याच्या गळ्याला आणि बाह्यांना विटकरी डाग होते. "बाईसाहेबांनी सरकारी कपड्याचा रंगच बदलला. आता पलटण हसंल मला," असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि दाराआडून वहिनी हसली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं, असं हसणं त्यांना अजून शोभत होतं. आम्ही सगळ्यांनी ते डाग पाहिले. खाकी रंग कच्चा असेल असं मला वाटलं, आणि मी त्याची वळकटी घेऊन मसूरच्या स्टेशनाकडं चालायला लागलो.

पुढं महिन्या-दोन महिन्यांनी तार आली. बोट बुडाली, माणूस बेपत्ता. एवढंच. मी ती वाचली. आबा म्हणाले, "म्हंजे गेला असं म्हणत्यात का?" मी म्हणालो, "न्हाई. सापडत न्हाई म्हणत्यात." आबांनी ते 'न्हाई' तेवढं धरून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं बुडणारा लांब राहिला आणि काडी आम्ही धरली.

तेव्हापासून माझे हेलपाटे सुरू झाले. पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं टाकीसारखी भट्टी, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. साताऱ्याला पोचेपर्यंत मी काळा झालेला असे. तिथल्या कचेरीतला माणूस वाईट नव्हता. पण कुठली बोट, कुठं बुडाली, हे लढाई संपेपर्यंत सांगायचं नाही असा त्यांना हुकूम. "पुन्हा या," तो म्हणायचा. मी पुन्हा जायचो. दारात माझ्यासारखी आणखी माणसं बसलेली असत, काही बायकाही. ज्याचा कागद आला तो उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा.

मग कळलं, की लोणंदकडचा एक गडी थोरल्यासारखाच बोटीवरच्या तोफेवर होता आणि आजारी पडून घरी आलाय. मी लोणंद गाठलं. तो अंगणात घोंगडी पांघरून बसला होता, डोळे पिवळे झालेले. त्यानं मला चहा पाजला आणि सरळ सांगितलं.

"दोन बोटी व्हत्या, गड्या. एकाच आठवड्यात गोदीतनं सुटल्या. एक लांब दर्यात दुश्मनानं धरली. माणसं उतरून घेतली आन् मग बोट बुडिवली. ती माणसं कैदेत हायती. दुसरी आपल्याच किनाऱ्याला, कोकणाच्या अंगाला सुरुंगावर फुटली. त्यातलं कोण हाताला लागलं न्हाई."

"आमचा कुठल्या बोटीवर?"

"ते कसं सांगू? आमास्नी ऐन टायमाला हितनं तितं टाकत्यात. तुझा भाऊ हळदीच्या बोटीवर व्हता, एवढं मला पक्कं ठावं हाय. पर हळदीची कुठली, ते न्हाई ठावं. दोन्ही राखीच व्हत्या."

पुढच्या महिन्यात तो बरा होऊन पुन्हा पलटणीत गेला. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला. हळदीची बोट कैदेतली असेल, तर थोरला कुठंतरी जिवंत आहे. हळदीची बोट किनाऱ्याजवळची असेल, तर वहिनी विधवा आहे.

हा प्रश्न आम्हा पुरुषांच्या तोंडी असायचा आणि वहिनीच्या अंगावर. हळदीकुंकवाला बायका करंडा घेऊन ओळीनं यायच्या, वहिनीपाशी आल्या की थांबायच्या आणि आईकडं बघायच्या. आई म्हणायची, "लावा." मग लावायच्या, पण बोट कपाळाला जेमतेम टेकायचं. काही घरांनी बोलावणं बंद केलं. काहींनी मुद्दाम बोलावलं, ते त्याहून वाईट. एकदा मी वैरण टाकत होतो तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, काय बी असू द्या, पर कळू द्या. रोज सकाळी करंडा उघडते आन् हात थांबतोय." मी म्हणालो, सांगलीला जातो. दुसरं मला काही येतच नव्हतं.

मसूरवरून गाडीनं मिरज, तिथून सांगली. हळद सांगलीची, तर ती कुठल्या बोटीत गेली हे सांगलीतच कळेल, असा आबांचा हिशेब. पेठेत हळदीच्या सौद्यात शिरलो, तर हवाच पिवळी. एका जैन आडत्यापाशी बसलो. धोतर, काळी टोपी, बारीक आवाज. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आवं, आमचा माल मुंबईच्या ठेकेदाराला जातो. दळतो तो, भरतो तो. बोट कोणती, ते आम्हाला कोण सांगणार? पण सरकारी कालवणासाठी त्या सुमाराला एकदाच मोठा माल उचलला होता. एकाच बोटीत गेला असावा." म्हणजे हळदीची बोट एकच. ती कुठली, तेवढं राहिलं. मी परत आलो.

उत्तर आलं ते उंब्रजच्या बाजारात, बोंबलांच्या पाटीवर. घाटाखालून सुकी मासळी घेऊन माणसं यायची, त्यातला एक आबांच्या ओळखीचा. आबांना सवयच लागली होती, कोकणातलं कोण दिसलं की बोट विचारायची. त्यानं विचारलं, "फुटलेली बोट ना? आमच्या गावासमोरच आहे की. खडकावर बसलेय. ओहोटीला अजून डोलकाठी दिसते."

आबांनी त्याची पाटी बाजारातच कुणाच्या तरी हवाली केली आणि त्याला जेवायला घरी आणला. ओट्यावर बसवून पहिल्यापासून सांगायला लावलं. आई आणि वहिनी दाराच्या आत होत्या.

"दणका झाला तेव्हा आम्ही जाळी सुकवत होतो," तो म्हणाला. "धूर निघाला, मग ती कलंडली. दोन दिवसांनी किनाऱ्याला पोती लागायला लागली. माणूस एक नाही लागला हो, नुसती पोती."

"पोत्यात काय हुतं?" आबांनी विचारलं. ते पुढं सरकून बसले होते.

"काय की. रंगाचा माल असावा. पोतं फोडलं की आत लाल चिखल. रॉकेलचा वास. पोरांनी हात घातले, तर कोपरापर्यंत लाल. पुळणीवर पाणीसुद्धा लाल झालेलं. आमच्या म्हाताऱ्या तर रक्त म्हणून तिकडं फिरकेनात."

"लाल?" आबा म्हणाले. "पिवळा न्हवं?"

"पिवळा कुठला. लालभडक."

आबा उठून उभे राहिले. मला त्यांचा तो चेहरा विसरता येत नाही. लाल माल. म्हणजे ती हळदीची बोट नव्हे. म्हणजे हळदीची ती दुसरी, दुश्मनानं धरलेली. म्हणजे थोरला कैदेत, जिवंत. मीही उभा राहिलो होतो. माझं मन इतकं हलकं झालं, की त्या बोंबीलवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं. आबांनी त्याला फेटा बांधला. तो बिचारा बावचळून गेला. आपण काय चांगली बातमी दिली हे त्याला कळेना.

संध्याकाळपर्यंत वस्तीत गूळ वाटून झाला. दुसऱ्या दिवशी आबांनी कासाराला बोलावलं आणि वहिनीच्या हातात नवा हिरवा चुडा भरायला लावला. वहिनीनं दोन्ही हात पुढं केले. बांगडी चढताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कासार म्हणाला, "रडू दे, रडू दे. आनंदाचं हाय." आई शेजारी बसून नुसती बांगड्यांकडं बघत होती. मग ती उठून शेणी थापायला गेली. बोंबीलवाल्यानं जाताना दिलेले बोंबील तिनं भाजलेच नाहीत. ते शिंकाळ्यात तसेच राहिले आणि एक दिवस मांजरानं खाल्ले.

आबांचं समाधान झालं तरी पुरतं झालं नव्हतं. मला पुन्हा सांगलीला पिटाळलं. आडत्याला विचार, बुडलेल्या मालात लाल काय असंल? मी गेलो. आडत्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, "त्या हळदीबरोबर बोटीत आणखी काय होतं म्हणालात?"

"धुण्याचा सोडा. तिच्यावरच रचलेला."

समोर हळदीचा ढीग होता, त्यातलं एक हळकुंड उचलून त्यांनी हातात फिरवलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी सांगितलं. वहिनीचं सांगितलं, चुड्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "दर्याचं कोण काय सांगावं, भाऊ." उठताना त्यांनी मला चहा पाजला आणि स्टेशनापर्यंत त्यांचा टांगा दिला. एवढा पाहुणचार कशाचा, ते मला कळेना. घरी येऊन मी आबांना म्हणालो, आडत्या नाही म्हणाला नाही. आबांनी त्याचं हो केलं.

लढाई संपली. गाड्या भरभरून माणसं परत यायला लागली. कैदेतून सुटलेलेही येत होते, गालफडं बसलेले, कपडे लोंबणारे. आबा आणि मी मसूरच्या स्टेशनावर जायचो. ऊस तोडून, पाणी पाजून, मग चालत स्टेशन. गाडी थांबायची, दोन-तीन गडी उतरायचे, कुणाच्या तरी गळ्यात कुणीतरी पडायचं, गाडी जायची. आम्ही परत. घरी आलो की वहिनी पाय धुवायला पाणी आणून ठेवायची, काय झालं विचारायची नाही. मला त्याचा राग यायचा. एवढं हिंडतो आहोत, निदान विचारावं तरी, असं वाटायचं. आईसुद्धा विचारायची नाही. बायकांना आशाच कमी असते, असं मी त्या वेळी ठरवून टाकलं होतं.

मग सरकारचं पत्र आलं. बेपत्ता गड्याला मृत समजण्यात येत आहे. आबा मला म्हणाले, "समजत्यात. म्हंजे म्हाईत न्हाई त्यांस्नी. म्हाईत असतं तर समजले कशाला असते?" त्यांनी सोबतच्या कागदावर अंगठा उमटवायला नकार दिला. "लाल बोट दुसरी हुती," ते म्हणाले. हे वाक्य तोवर घरात रोजचंच झालं होतं. लोणंदचा तो गडी परत आला असता तर त्याला विचारलं असतं, पण त्याचीही बोट पुढं कुठंतरी गेली, असं ऐकलं.

माझं लग्न ठरलं. घरात पुन्हा हळद आली. उंब्रजच्या आमच्या भावकीत कुजबुज सुरू झाली, की नवरदेवाला पहिली हळद कोण लावणार. थोरल्या भावजयीचा मान. पण तिनं लावावी का? आबांनी अंगणात उभं राहून सांगितलं, "माझी सून सवाष्ण हाय. ज्यांस्नी पटत न्हाई त्यांनी जेवायला येऊ नगा." आईनं हळदीची वाटी स्वतः उचलून वहिनीच्या हातात दिली. वहिनीनं माझ्या गालांना, दंडांना, पायांना हळद लावली. तिचे हात गार होते. सगळ्या बायका बघत होत्या. आई तिच्या पाठीशी उभी होती.

लग्न झाल्यावर धुण्याचा ढीग पडला. जाजमं, पातळं, हळदीनं भरलेली धोतरं. ओझं फार, म्हणून मी गाडी जुंपून आईला आणि वहिनीला नदीवर नेलं. बायका धुणं धुताना मी पहिल्यांदाच तिथं थांबलो होतो. आमच्या घरातल्या एकाही पुरुषानं, पलटणीत गेलेला थोरला सोडला तर, कधी कपडा धुतला नव्हता.

मी जुवाला टेकून विडी ओढत होतो. वहिनीनं माझं हळदीचं धोतर दगडावर पसरलं, भिजवलं आणि वर सोड्याची मूठ टाकून चोळायला घेतलं. तिच्या हाताखाली पिवळं धोतर लाल झालं. दगडावरून लाल ओघळ उतरून नदीत गेला.

"वहिनी, हात कापला काय?" मी म्हणालो.

पलीकडच्या दगडावर आई जाजम आपटत होती. रोज मला दटावायची त्याच सुरात ती म्हणाली, "हळद हाय ती. सोडा लागला की लाल व्हती. तुमा बाप्यांस्नी काय ठावं, कवा धुतलंय?"

आणि तिचा हात वरच राहिला. आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं.

वहिनी धोतर सोडून तिच्याकडं बघत होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमास्नी म्हाईत हुतं?"

आईनं जाजम खाली ठेवलं. "व्हय."

"कवापास्नं?"

"तो बोंबीलवाला वट्यावर बसून बोलला, तवापास्नं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुझ्या हातात चुडा भरत हुते, पोरी. तू रडत हुतीस. मला वाटलं, तुला उमगलं न्हाई. न्हाई उमगलं तर बरंच हाय म्हणलं, चार दिस तरी सुखात जात्याल."

वहिनी म्हणाली, "मला त्याच दिशी उमगलं. त्यांचा सदरा मीच धुतला न्हवं का, सोडा लावून. लाल झाला तशी मी घाबरले, तर ते हसाया लागले. मी बी तुमच्यासाठीच गप ऱ्हायले. मला वाटलं, तुमास्नी ठावं न्हाई."

दोघी आपापल्या दगडापाशी उभ्या होत्या. मधून पाणी वाहत होतं. मी खाली बसलो. साताऱ्याची कचेरी, लोणंद, सांगलीच्या दोन खेपा, मसूरचं स्टेशन, सगळं माझ्या अंगावर एकदम आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. बोट ओळखायला मी पाच गावं पालथी घातली आणि ती ओळखणाऱ्या दोघी माझ्याच घरात रोज भाकरी वाढत होत्या. सांगलीचे आडतेही ओळखून गप्प राहिले होते, तेही मला तिथंच उमगलं. मला सगळ्यांचा राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. मग थोरला गेला हे कळलं. माझ्यापुरता तो त्या क्षणी गेला, नदीवर, विडी विझलेली असताना.

आईनं वहिनीचे ओले हात आपल्या पदरानं पुसले. दोघींपैकी कुणी रडलं नाही. शेजारच्या पाणवठ्यावर बायका होत्या.

गाडीत बसताना आई मला म्हणाली, "ह्यांस्नी सांगायचं न्हाई. त्यांच्या अंगात तेवढंच बळ उरलंय." वहिनीनंही मान हलवली. म्हणून त्यानंतर, लाल बोट दुसरी होती असं आबा म्हणाले, की मीही हूं म्हणायचो. मी त्यांच्याबरोबर स्टेशनावरही जायचो. जिवंत माणसाची वाट बघण्यात कष्ट असतात, पण मेलेल्याची वाट बघत फलाटावर उभं राहणं फार थकवणारं असतं. गाडी आली की आबा टाचा उंचावून डबे बघायचे आणि मी आबांकडं बघायचो. वहिनी रोज सकाळी कुंकू लावत होती. आता तिचा हात थांबतो का, ते मी विचारलं नाही.

दोन-तीन वर्षांनी थंडीत आबा गेले. शेवटी शेवटी म्हणायचे, "लांबचा मुलूख हाय, येळ लागतोय." वहिनी त्यांच्या तोंडात पाणी सोडत म्हणाली, "व्हय मामंजी, येत्याल."

दहाव्याला भावकीतल्या बायका आईचं कुंकू पुसायला आणि बांगड्या उतरवायला जमल्या. आईला पाटावर बसवलं. तेवढ्यात वहिनी आतून आली, आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पदराच्या टोकानं तिनं आपल्या कपाळावरचं कुंकू पुसलं. बायका गडबडल्या. एक म्हणाली, "आगं, तू काय करतीस? तुझा मालक कैदेत हाय न्हवं?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. "बसू द्या तिला," ती म्हणाली. "तिचं लय दिस ऱ्हायलंय."

मग ती पाटाच्या एका कडेला सरकली आणि वहिनीला ओढून शेजारी घेतली. पाट एकीपुरताच होता, दोघी अर्ध्या अर्ध्या बसल्या. त्या बाईनं आधी आईच्या बांगड्या उतरवल्या, मग वहिनीचा हिरवा चुडा. तेव्हा वहिनी रडली, मोठ्यानं, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. थोरल्यासाठी आमच्या घरात कुणी मोठ्यानं रडलं, ते तेव्हा पहिल्यांदा.